उणे साडेचौदा

कॅरी, २१ नोव्हेंबर २००४

प्रिय बाळदादा,

फोनवर मी नुसतं "ईशान बास्केटबॉलच्या टीममध्ये आला" एवढंच ओरडले आणि तू तिकडून माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडलास. मग "बाकीचं सविस्तर लिही" म्हणून फोन ठेवून मोकळा. तुझ्या कॉम्प्युटरवर मराठी ई-मेल उघडली की चौकोन-चौकोन दिसतात, आणि सख्ख्या बहिणीशी इंग्रजीत बोलायला तुला लाज वाटते. बरं आहे, त्या निमित्ताने माझं अक्षर तरी टिकून राहतंय.

तर सविस्तर. तीन वर्षं पोरगं ट्रायआउटला जायचं आणि तोंड पाडून परत यायचं. या वर्षी, म्हणजे कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, कोचने घेतलं. वॉक-ऑन म्हणतात त्याला. स्कॉलरशिप नाही, मोठं नाव नाही, प्रॅक्टिस मात्र सगळी करायची. मॅचच्या वेळी तो बाकाच्या शेवटच्या टोकाला, पाण्याच्या बाटल्यांशेजारी बसतो. टीम खूप पुढे असेल तर शेवटच्या मिनिटाला कधी तरी आत पाठवतात. महाराष्ट्र मंडळात शोभाकाकू विचारतात, "काय गं, ईशान खेळतो म्हणे, मग टीव्हीवर दिसत का नाही?" मी म्हणते, नीट बघा, टॉवेल हलवत असतो तो.

पण दादा, हे श्रेय तुझं. पुरुषोत्तमना खेळातलं ओ की ठो कळत नाही. दर उन्हाळ्यात तू त्याला शुगर लँडला बोलावून घेतलंस, टेक्सासच्या त्या भयंकर उकाड्यात घरापुढच्या ड्राइव्हवेमधल्या रिंगखाली उभा राहिलास आणि तो शेकडो वेळा बॉल टाकत असताना बॉल आणून त्याच्या हातात देत राहिलास. सुलेखावहिनी आतून ओरडायची, "अहो, पोराला लिंबू सरबत तरी पिऊ द्या!" आज ती हवी होती.

आता माझी शंका. पेपरात मॅचच्या आदल्या दिवशी आपल्या कॉलेजच्या नावापुढे उणे साडेनऊ असं छापलं होतं. मॅच व्हायच्या आधीच उणे? आमच्या पोरांना कसली शिक्षा केलीय का? पुरुषोत्तम म्हणाले, तापमान असेल. ईशानला विचारलं तर "डोन्ट वरी अबाउट इट, आई" म्हणाला आणि विषय बदलला. तूच सांग.

आणि एक, कुणाला सांगू नकोस, ईशानच्या टीममधला जो उंच मुलगा मधे उभा राहतो, सेंटर, त्याचा गुडघा दुखावलाय. ईशान फार काळजीत आहे.

तुझी,
शैलू

•

शुगर लँड, २ डिसेंबर २००४

प्रिय शैलू,

पुरुषोत्तमना माझ्यातर्फे सांग की उणे साडेनऊ तापमान छापायला नॉर्थ कॅरोलायना अजून तेवढं उत्तरेला सरकलेलं नाही.

तुला मिरजेतला आपला कॅरम आठवतो? रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर. तू आठ वर्षांची, मी कॉलेजात. सरळ खेळलो तर तू रडायचीस, म्हणून मी तुला आधीच दहा पॉइंट देऊन टाकायचो. गेम संपला की तुझ्या पॉइंटात ते दहा मिळवायचे आणि मग कोण पुढे ते बघायचं. खरं तर मी जिंकलेलो असायचो, पण दहापेक्षा कमी फरकाने जिंकलो की तू क्वार्टरभर नाचायचीस. अण्णा पेपरातून डोकं वर काढून विचारायचे, "नक्की जिंकलं कोण?"

तेच हे. याला म्हणतात पॉइंट स्प्रेड. उणे साडेनऊ म्हणजे तुमची टीम तगडी, तिने समोरच्याला साडेनऊ पॉइंट देऊन ठेवले असं समजायचं. तुमची टीम दहा किंवा जास्त फरकाने जिंकली तर तिच्यावर पैसे लावणारे जिंकले. नऊ किंवा कमी फरकाने जिंकली, किंवा हरली, तर समोरच्यावर लावणारे जिंकले. अर्धा पॉइंट बास्केटबॉलमध्ये नसतोच, म्हणून तो मुद्दाम घालायचा, म्हणजे बरोबरी होऊन भांडण नको. आणि लोकांना वाटतं की हा आकडा म्हणजे कुणा जाणत्याचं भविष्य. तसं नाही. दोन्ही बाजूंना सारखेच लोक पैसे लावायला यावेत म्हणून तो आकडा ठरवतात, आणि एका बाजूला गर्दी झाली की सरकवतात. बुद्धी चालवायची ती तिथे. गर्दीला जे माहीत नाही ते तुम्हाला माहीत असेल, तर आकडा चुकलाय कुठे ते दिसतं.

गंमत बघ, मॅच जिंकूनही हरता येतं आणि हरूनही जिंकता येतं. मी स्वतः असलं काही करत नाही हं. चाळीस वर्षं पाइपलाइनमधल्या दाबाची गणितं केली, आता डोक्याला चाळा म्हणून वाचतो, इतकंच.

ईशानला सांग, शेवटच्या मिनिटाला उतरणारी मुलं म्हणजे आपल्या गल्लीतले लिंबूटिंबू. खेळायला घ्यायचं, पण त्यांच्या धावा मोजायच्या नाहीत. म्हणून बिनधास्त खेळ म्हणावं, तुझ्यामुळे काही बिघडणार नाही.

त्या सेंटरच्या गुडघ्याचं काय झालं? बिचाऱ्याची काळजी वाटते.

तुझा,
बाळदादा

•

कॅरी, २८ डिसेंबर २००४

प्रिय दादा,

तू इंजिनियर न होता मास्तर व्हायला हवा होतास! एका पत्रात समजलं. आता मी रोज सकाळी चहाबरोबर तो रकाना वाचते. परवा भिशीत सगळ्या बायकांना कॅरमवरून समजावलं. शोभाकाकू म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडे लग्नात मुलीकडच्यांना आधीच दोन पायऱ्या खाली उभं करतात तसं." अगदीच चुकीचं नाही.

ईशानला तुझं लिंबूटिंबू वाचून दाखवलं. आधी त्याला शब्दाचा अर्थ समजवावा लागला. मग हसला आणि म्हणाला, "मामा इज राइट." पण थोड्या वेळाने बाहेर जाऊन थंडीत रिंगमध्ये बॉल टाकत बसला. दादा, तू थट्टेने लिहिलंस हे मला कळतं. त्यालाही कळत असेल.

गुडघा अजून बरा नाही. बाहेर कुणाला माहीत नाही, पण ईशान म्हणतो की कोच त्याला आता अर्धा वेळच खेळवणार आणि संक्रांतीच्या वेळेला तर त्याहून कमी. तू दर फोनला त्या परक्या मुलाची चौकशी करतोस, मला तुझं कौतुक वाटतं.

आता महत्त्वाचं. पंधरा जानेवारीला, शनिवारी, इथे घरच्या कोर्टवर मॅच आहे. संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी. मंडळातली सगळी तिळगूळ घेऊनच यायची म्हणतायत. ईशानला घरच्यांसाठी तीन पास मिळतात, खेळाडूंच्या घरच्यांच्या रांगेतले. दोन आमचे, तिसऱ्यावर त्याने तुझं नाव घालून आणलंय. कारण-बिरण सांगू नकोस. विमानाचं तिकीट काढ.

तुझी,
शैलू

•

कॅरी, २४ जानेवारी २००५

प्रिय दादा,

तू गेल्यापासून घरात दुसरा विषय नाही. तू तिथे होतास तरी मला ते सगळं परत लिहायचंय.

आधी त्या सिक्युरिटीवाल्याने शोभाकाकूंचा स्टीलचा डबा उघडायला लावला आणि काकूंनी त्याच्याही हातावर वडी ठेवली, तेव्हाच मला वाटलं आज दिवस चांगला जाणार. मग मॅच. सेंटर बराच वेळ बसूनच होता, तरी आपण पुढे. शेवटचं मिनिट राहिलं, तेरा पॉइंटची आघाडी, आणि मागे बसलेली कॉलेजची पोरं एकदम "ईऽशान! ईऽशान!" करायला लागली. दादा, ईशान हे नाव हजारो गोऱ्या पोरांच्या तोंडून! कोचने हात केला. ईशान टॉवेल टाकून उठला. त्याची चड्डी एका बाजूने वर अडकलेली, तीही मला दिसली.

मग काही सेकंद उरले असताना बॉल त्याच्या हातात आला आणि तो लांबच्या रेषेबाहेर एकटा. सगळे ओरडतायत, "शूट! शूट!" तूही ताडकन उभा राहून दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडलास. गोंगाटात मला शब्द ऐकू आला नाही, पण ईशानला गेला असणार, कारण त्याने क्षणभर मान वळवून तुझ्याकडे बघितलं. मग बॉल टाकला. थेट जाळीत. तीन पॉइंट! त्याच्या कॉलेजच्या आयुष्यातले पहिले पॉइंट.

मी पुरुषोत्तमना मिठी मारली. भर लोकांत, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मग तुझ्याकडे वळले तर तू खाली बसला होतास, दोन्ही हातांनी तोंड झाकून. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. मला कळलं, दादा. अण्णा आठवले ना तुला? की वहिनी? मलाही रडू आलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये ईशानने तुला मिठी मारली आणि कानात काहीतरी सांगितलं. मी विचारलं तर "नथिंग, आई." मामा-भाच्यांचं गुपित, राहू दे.

पेपरात त्याचं नाव आलंय, एका ओळीत. ते पान मी देवाच्या फडताळात ठेवलंय. सव्वीस फेब्रुवारीला घरची शेवटची मॅच. त्या दिवशी शेवटच्या वर्षाची मुलं घरच्यांना घेऊन कोर्टच्या मधोमध जातात. ईशानने आत्ताच सांगून ठेवलंय की मामा हवा.

तुझी,
शैलू

•

शुगर लँड, ४ फेब्रुवारी २००५

प्रिय शैलू,

पत्र मिळालं. हो, अण्णांचीच आठवण आली होती.

पाठ धरलीय, फार वेळ बसवत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. सव्वीस तारखेला विमानप्रवास झेपेलसं वाटत नाही. तुम्ही दोघं आहातच की. त्याला मी वाईट वाटून घेऊ नकोस म्हणालो म्हणून सांग.

ईशान काही बोलला का? माझ्याबद्दल, असं नाही, एकूण मॅचबद्दल.

पेपराचं पान देवाजवळ कशाला ठेवलंस?

बाळदादा

•

कॅरी, ११ फेब्रुवारी २००५

दादा,

तुझ्या पाठीला शेक दे, असं लिहिण्यासाठी मी बसले होते. ते पत्र फाडलं.

मंगळवारी ईशान जेवायला घरी आला होता. कॉलेजने खेळाडूंचा एक वर्ग घेतला म्हणे, बेटिंगबद्दल. खेळाडूने पैसे लावायचे नाहीत आणि टीममधल्या आतल्या गोष्टी, कोण आजारी, कुणाचा पाय दुखतोय, कुणालाही सांगायच्या नाहीत. कारण ते पैसे लावणाऱ्यांना हवं असतं. कळलं तर टीममधून काढतात. ताटातली कोशिंबीर इकडून तिकडे करत तो म्हणाला, "आई, तू मामाला लेटर्स लिहितेस ना, त्यात टीमचं काही नको लिहूस, प्लीज." मी म्हटलं, अरे, मामाला सांगितलं तर काय झालं? उठून त्याने स्वतःचं ताट धुतलं, आमचीही धुतली.

रात्रभर मला ते ताट धुणं खुपत राहिलं. सकाळी चहा केला, रोजच्यासारखा पेपर उघडला आणि तो रकाना समोर आला. मग मी रद्दीतून त्या शनिवारचा पेपर शोधून काढला. आपल्या कॉलेजपुढे उणे साडेचौदा.

वजाबाकी मला येते, दादा. तूच शिकवलीस. ईशानने बॉल टाकायच्या आधी आघाडी तेरा. समोरच्यावर लावणारे जिंकत होते. तीन पॉइंट झाले, आघाडी सोळा. ते सगळे हरले.

गुडघ्याबद्दल तू फोनवर किती वेळा विचारलंस ते मी आठवत बसले. मी मूर्खासारखी सांगत गेले. वर कौतुक वाटतं म्हणून लिहिलं. आणि तू तोंड झाकून बसलास तेव्हा तुझ्या पाठीवरून हात फिरवत मीच रडले.

माझं चुकत असेल. चुकत असू दे, अशी देवाला प्रार्थना केलीय. चुकलं असेल तर पाया पडून माफी मागेन. पण एवढं एकच सांग. त्या दिवशी आमच्यामध्ये बसून तू कुणाच्या बाजूने होतास?

फोन करू नकोस. फोनवर तू हसवशील आणि मी हसेन.

शैलजा

•

शुगर लँड, १७ फेब्रुवारी २००५

शैलू,

तुझं चुकलेलं नाही. मी समोरच्या बाजूने होतो.

ई-मेल वाचता येत नाही म्हणणारा तुझा भाऊ दोन वर्षं रोज कॉम्प्युटरवर बसून पैसे लावतोय. सुलेखा गेली आणि संध्याकाळी घरात एसीच्या घरघरीशिवाय आवाज उरला नाही. आधी नुसते आकडे ओळखायचो. बरोबर आले की वाटायचं, डोकं अजून चालतंय. रिटायर झालेल्या माणसाला ते कुणी सांगत नाही. मग पैसे लावायला लागलो. पैशाची ददात नव्हती आणि नाही. मला बरोबर ठरायचं होतं, एवढंच. एवढंसं कारण आहे, लिहितानाही शरम वाटते.

तुझ्या पत्रातून गुडघ्याचं कळलं, तेव्हा मी आधी काळजी केली नाही. आधी हिशेब केला. सेंटर नसेल तर ही टीम पंधराने जिंकत नाही, आणि हे अजून कुणाला माहीत नाही. मी तुझा हात धरून ईशानच्याच खिशात हात घातला. आणि त्याने दिलेल्या पासवर, त्याच्या घरच्यांच्या रांगेत बसून मॅच बघितली.

तू लिहिलंस की मी काय ओरडलो ते ऐकू आलं नाही. मी ओरडलो, "टाकू नकोस! ईशान, टाकू नकोस!" अख्ख्या हॉलमध्ये सगळे त्याला टाक म्हणत होते. त्याचे मित्र, प्राध्यापक, ज्यांना त्याचं नाव नीट उच्चारता येत नाही तेसुद्धा. आणि मी, ज्याने त्याला बॉल धरायला शिकवला, तो आपल्या भाषेत ओरडत होतो, टाकू नकोस. कोर्टवर मराठी कळणारा तो एकटाच. त्याने वळून बघितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता. लहानपणी रस्ता ओलांडताना मी हात सोडला की बघायचा तसा. दुपारी जेवताना मी फुशारकी मारली होती, "आज साडेचौदा जरा जास्तच दिलेत तुमच्या टीमने." तेव्हा तो माझ्याकडे बघत राहिला होता. कोर्टवर त्या क्षणी त्याने दोन्ही जोडलं असणार.

तरी त्याने टाकला. देवाची कृपा.

आणि कॉरिडॉरमधलं गुपित. तुला वाटलं त्याने आभार मानले. त्याने मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "सॉरी, मामा."

शैलू, कॉलेजातली पहिली बास्केट करून पोरगं मला सॉरी म्हणालं. मी "सॉरी कशाबद्दल?" असंही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं आणि मला ऐकावं लागलं असतं. मी त्याच्या पाठीवर थोपटलं. माफ केल्यासारखं! मी त्याला! आणि मग शोभाकाकूंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि मी तो खाल्ला.

तू विचारलं नसतंस तर मी सांगितलं नसतं. पाठीला काहीही झालेलं नाही.

त्याच्या कोचला मी आजच वेगळं पत्र लिहिलंय. सगळा दोष माझा, त्याला काही ठाऊक नव्हतं, असं. त्याची जागा जाऊ नये, बाकी काही मागणं नाही. त्याच्याकडे माफी मागायचीही लायकी वाटत नाही.

बाळ

•

कॅरी, १ मार्च २००५

दादा,

तुझं पत्र मी ईशानला वाचून दाखवलं. त्याला अक्षरं येत नाहीत, म्हणून मलाच तुझ्या तोंडचं बोलावं लागलं. "सॉरी, मामा" पर्यंत आले आणि पुढे वाचवेना. तो म्हणाला, "इट्स ओके आई, आय नो दॅट पार्ट." महिनाभर त्याने ते एकट्याने वागवलं. मला सांगितलं नाही, कारण तू माझा दादा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तुझं पत्र कोचला पोचायच्या आधीच, तो स्वतः जाऊन सगळं सांगून आला. मलाही बोलावलं. मी त्यांच्या ऑफिसात पर्स मांडीवर घेऊन बसले. विचारलं, गुडघ्याची बातमी तुम्ही कुणाला दिलीत? म्हटलं, भावाला. का दिलीत? काय सांगू? कौतुकाने, म्हटलं. त्यांना ते समजलं नाही. मला शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखं झालं. तुझ्या शरमेतला निम्मा वाटा माझा आहे, हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

ईशानला टीममधून काढलं नाही. आतली बातमी घरी सांगितली, एवढा त्याचा गुन्हा. पण उरलेल्या एकाही मॅचमध्ये खेळायचं नाही, असं ठरलं. म्हणजे ते तीन पॉइंट पहिले आणि शेवटचे. शोभाकाकू विचारतात, शेवटच्या मॅचला का नाही खेळला? मी पाय मुरगळला म्हणून सांगितलं. आता आतल्या बातम्या मी खोट्या देते.

सव्वीस तारखेला तो कोट-टाय घालून आला. आम्ही दोघं त्याच्याबरोबर कोर्टच्या मधोमध गेलो. पुरुषोत्तमनी नवे बूट घातले होते आणि ते करकर वाजत होते. प्रत्येक मुलाने नोव्हेंबरमध्येच एक वाक्य देऊन ठेवलं होतं, तुला खेळायला कुणी शिकवलं म्हणून. निवेदक ते माइकवरून वाचतो. आदल्या दिवशी मी ईशानला म्हटलं होतं, बदलायचं असेल तर बदल, कुणाला काही कळणार नाही. तो म्हणाला, "व्हाय? इट्स स्टिल ट्रू, आई."

तर त्या माणसाने वाचलं, की ईशानला शुगर लँड, टेक्सासमधल्या एका ड्राइव्हवेत त्याच्या मामाने खेळायला शिकवलं. त्याने मामा हा शब्दसुद्धा बराच नीट उच्चारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. ईशान तिकडे बघत होता आणि मी ईशानकडे.

माझा राग गेलेला नाही. जाईल असं आत्ता वाटत नाही. पेपराचं ते पान मात्र मी देवाजवळून काढलेलं नाही.

जूनमध्ये ह्यूस्टनला त्याचा नोकरीचा इंटरव्ह्यू आहे. हॉटेल बुक करते म्हटलं तर म्हणाला, "मामाकडे राहू का?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तुझं तूच कळव.

शैलू

•

शुगर लँड, ७ मार्च २००५

प्रिय शैलू,

तुझं पत्र तीन-चारदा वाचायला घेतलं. टाळ्यांपाशी येऊन दर वेळी खाली ठेवलं. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. पोराने खरं ते सांगितलं, एवढंच त्याने केलं, आणि मला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

कॉम्प्युटर शेजारच्या विक्रमला देऊन टाकला. याने मी सुधारलो असं समजू नकोस. संध्याकाळी हात शिवशिवतात. मग बाहेर जाऊन बसतो.

बाहेर ती रिंग आहे. सुलेखा गेल्यापासून तिकडे फिरकलो नव्हतो. जाळी कुजून एका दोरीवर लोंबत होती. काल शिडी लावून नवी बसवली. शेजारीण घाबरून बाहेर आली, या वयात कशाला चढता म्हणाली. भाचा येतोय म्हटलं. माझ्याच तोंडून ते ऐकलं आणि शिडीवरच थांबलो. तुला कळवायच्या आधी मी त्याला बोलावून बसलो होतो.

त्याला म्हणावं, ये. माफी मागायची ती मी समोर मागेन, इंग्रजीत, म्हणजे तुला वाचून दाखवावी लागणार नाही. आणि तो ड्राइव्हवेत उतरला तर मी काही शिकवणार नाही, काही ओरडणार नाही. पूर्वी उभा राहायचो तिथे, रिंगखाली उभा राहीन. तो टाकेल. मी बॉल आणून देत राहीन.

तुझा,
बाळदादा